लेथवरची सजावट: सुरुवात लाखेपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दहा इंची स्विंगचा, म्हणजे दहा इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरवून कातता येईल असा, छोटा लेथ घेतलाय. लाटणी, भोवरे, रवी आणि दोन-चार वाडगे जमले, आता त्यांवर काही नक्षी-रंग करून बघायचाय. पण व्हिडिओंमध्ये इपॉक्सी, तुकडे जोडून केलेले वाडगे, रंगीत डाय (लाकडात मुरणारा पातळ रंग), विजेने जाळलेली झाडासारखी नक्षी असं सगळं एकदम अंगावर येतं आणि आधी कशात हात घालावा कळत नाही. घरात लहान मूल आहे, तेव्हा खेळण्यांना काय चालेल हेही तुम्ही विचारलंय.

मी सांगेन, लाखेपासून सुरुवात करा, म्हणजे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून रंग चढवायला शिका. इतर बहुतेक प्रकारांत वस्तू लेथवरून उतरवून मग सजवायची असते. लाखेत फिरतं लाकूडच सजावट करतं, म्हणजे जो हात तुम्ही आत्ता तयार करताय तोच पुढे घोटला जातो. बिघडलं तर दोन मिनिटांत खरवडून पुन्हा करता येतं. साहित्य साधं आहे. शिवाय ही विद्या जाणणारी माणसं आपल्या आवाक्यात आहेत: सावंतवाडी, कर्नाटकातलं चन्नपट्टण, आंध्रातलं एटिकोप्पाका, कच्छमधलं निरोणा. सावंतवाडीच्या चितारआळीत गेलात तर दुकानांत रंगवलेली लाकडी फळं आणि भाज्याच जास्त दिसतील. पण थोडी चौकशी केलीत तर जुनं लाखकाम हातात घेऊन बघता येतं. एक जुना करंडा उजेडात फिरवून बघणं हे दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतं.

लाखेकडे वळण्याआधी कापाबद्दल बोलायला हवं, कारण नवशिक्यांची सजावट बहुतेक वेळा तिथेच फसते. रंग असो, लाख असो की पॉलिश, ते लाकडावरचे दोष झाकत नाहीत, उघडे पाडतात. वाडग्याच्या आत दोन समोरासमोरच्या जागी लाकडाच्या नसा उलट्या येतात आणि धार कमी असेल तर तिथे लाकूड कापलं न जाता उपटलं जातं. कोऱ्या लाकडावर हे डोळ्यांना दिसत नाही. डाय लावला की त्या दोन जागा काळपट डाग होऊन वर येतात आणि मग कितीही घासलं तरी जात नाहीत. म्हणून रंगाआधी ती जागा कापसाने स्पिरिट लावून तिरप्या उजेडात बघा. ओलं असताना जे दिसतं तेच पॉलिशनंतर दिसणार आहे. स्पिरिट उडून जातं, लाकडाच्या नसाही पाण्यासारख्या उठत नाहीत.

काचपेपरने उपटलेलं लाकूड दुरुस्त होत नाही, ते कापूनच काढावं लागतं. गाऊजला, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याच्या कातायच्या हत्याराला, ताजी धार लावा आणि अगदी पातळ शेवटचा काप घ्या. मग १२०, १८०, २४०, ३२० असं ओळीने घासा. मधला एकही नंबर गाळू नका. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून नसांच्या दिशेने हाताने चार वेळा घासलंत तर गोल ओरखडे उरत नाहीत. ज्यांना धार लावण्याचा कंटाळा आहे त्यांनी सजावटीच्या साहित्यावर खर्च करण्याऐवजी आधी हळू फिरणारा ग्राइंडर आणि कोन पक्का धरणारी जिग घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाकडाचं म्हणाल तर लाखेला फिकट, बारीक पोताचं आणि पूर्ण वाळलेलं लाकूड हवं. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका, दोन्हीकडचे कारागीर पूर्वापार एकच झाड वापरत आलेत, ते म्हणजे आपला काळा कुडा. आपल्या जंगलांत तो आहे, पण जंगलातून आणणं आपलं काम नव्हे आणि वखारीत तो सहसा मिळत नाही. त्याऐवजी हेदू घ्या. पिवळसर, घट्ट, लेथवर लोण्यासारखा कापला जातो. शिवण चालतं, रबरवुड चालतं. सावंतवाडीची जुनी खेळणी पांगाऱ्याची असत. तो हलका आणि मऊ, त्यामुळे धार अतिशय तेज लागते. सागावर सुरुवात करू नका, त्याची मोठी छिद्रं लाख सारखी बसू देत नाहीत.

शहरातल्या झाडाची फांदी स्वतःहून तोडू नका, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण पावसाळ्याआधी पालिकेची आणि वीज कंपनीची माणसं छाटणी करतात तेव्हा आंबा, जांभूळ, चिंच, सुबाभूळ यांचे सुंदर ओंडके पडलेले असतात आणि विचारलं तर बहुधा घेऊ देतात. त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर आठवड्यात तडे जातात. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाडच ठेवायचा, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा. दहा इंची वाडगा असेल तर एक इंच. काही महिने सावलीत वाळवून, वाकडा झाला की पुन्हा लेथवर चढवून शेवटचा आकार द्यायचा. कण्हेर आणि बिबवा मात्र लेथजवळही आणू नका. एकाचं लाकूड विषारी, दुसऱ्याच्या चिकाने अंग फोडांनी भरतं.

आता प्रत्यक्ष लाख. भोवरा किंवा करंड्याचं झाकण घ्या, दोन-अडीच इंच व्यासाचं. ३२० पर्यंत घासून कोरड्या फडक्याने पुसा. तेल, सीलर, मेण काहीही लावू नका, तेलकट लाकडाला लाख धरत नाही. हत्यार टेकवायची टूल रेस्ट काढून बाजूला ठेवा. लेथ बाराशे ते पंधराशे आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) घ्या. लाखेची कांडी मध्यरेषेच्या किंचित खाली टेकवा. तिथे लाकूड खाली जात असतं, त्यामुळे कांडी अडकलीच तर खाली सुटते, अंगावर येत नाही.

पहिले काही सेकंद नुसती खरखर होते आणि थोडी पूड पडते. दाब तसाच ठेवा. मग आवाज बदलतो, खरखर जाऊन कांडीला ओढ लागते आणि लाखेचा तो ओळखीचा वास येतो. लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते आणि तेवढी उष्णता घर्षणातूनच निर्माण होते. आता कांडी हळूहळू बाजूला सरकवा. लाकडावर जाड-पातळ पट्टे, ठिपके, मध्येच कोरे राहिलेले भाग असं ओबडधोबड काहीतरी दिसेल. ते तसंच दिसायला हवं. लाख लावून झालीय, पसरवायची बाकी आहे.

पसरवायला केवड्याचं वाळलेलं पान घ्या. कडेचे आणि मधल्या शिरेवरचे काटे चाकूने काढा, पान बोटभर रुंदीत तीन-चार पदरी दुमडा आणि दुमडीची कड फिरत्या लाखेवर दाबा. ताडाचं पानही चालतं. फडकं चालत नाही, कारण वितळलेली लाख त्याच्या धाग्यांत शिरते आणि पृष्ठभागावर लव चिकटते. पान कडक असतं, गुळगुळीत असतं आणि लाखेला चिकटत नाही. ते दाबून एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश नेलं की लाख मऊ होऊन त्याच्यापुढे पळते, कोरे भाग भरत जाते आणि मागे आरशासारखी चकाकी राहते. पान मध्येच थांबवलंत तर तिथे वळी उठते. फार दाबलंत तर लाख जळून तपकिरी होते. शेवटी मऊ फडक्यावर खाद्यतेलाचा एक थेंब घेऊन हलकेच फिरवा.

थर पातळ ठेवा. जाड थर चमकतो छान, पण भोवरा दोनदा फरशीवर आपटला की कपच्या उडतात. लाखेखाली फोड आले तर समजा लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं.

कांड्या विकत मिळतात. स्वतः करायच्या तर चपडी लाख (शुद्ध केलेल्या लाखेचे पातळ पापुद्रे) सौम्य आचेवर मऊ करून, ओढून, दुमडून, त्यात रंगद्रव्य मळत कणकेसारखी एकजीव करायची. थेट ज्योतीत धरू नका, पेट घेते. आणि तीच लाख पुन्हा पुन्हा किंवा फार वेळ तापवत राहू नका, ती रबरासारखी होते आणि पुढे वितळतच नाही. जुन्या कांड्या अचानक निकामी होतात त्यामागे बहुतेक हेच असतं. रंगासाठी काव (लाल माती), पिवडी (पिवळी माती), काजळी, पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी मोह घालतो, पण उन्हात उडतो. नैसर्गिक रंगांत खोल जायचं असेल तर एटिकोप्पाकाचं काम बघा, तिथल्या सी. व्ही. राजू यांनी वनस्पतिजन्य रंग लाखेत पुन्हा रुजवण्यासाठी आयुष्य घातलं आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही लाख मुळात किड्याने फांदीवर केलेला राळेसारखा स्राव आहे आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पळसांवरही ती होते. विदर्भातल्या मित्रांनी कच्ची लाख जवळूनच मिळवावी.

एकरंगी थर जमला की दोन थरांचा खेळ सुरू करा. खाली पिवळा जरा जाड, वर काळा पातळ. लेथ हळू फिरवून स्क्यूच्या, म्हणजे तिरक्या धारेच्या चपट्या हत्याराच्या, टोकाने काळा तेवढा कापा, आतून पिवळी रेघ उजळते. लेथ बंद करून, इंडेक्सच्या, म्हणजे लेथ ठरावीक अंतरांवर अडवून धरायच्या, भोकांत पिन घालून समान अंतरावर पाकळ्याही ओरखडता येतात. निरोण्याच्या वाढा समाजाच्या कारागिरांचं काम याहून वेगळं आहे. त्यांचा लेथ म्हणजे दोरीने मागेपुढे फिरवायचा हातलेथ. वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या आणि हाताची हालचाल यांतून ते लाखेतच लाटांसारखी नक्षी उठवतात. विजेच्या लेथवर तशी लय मला कधी दिसलेली नाही आणि तिची नक्कल करण्यात वेळ घालवू नये असं वाटतं. तिथे जाऊन बघावं.

लाखेच्या जोडीला दोन सोप्या गोष्टी शिकून घ्या. पहिली, जळलेली रेघ. स्क्यूच्या टोकाने बारीक खाच करा, लेथ चालू करून त्या खाचेत पोलादी तार दाबून धरा. धूर येतो आणि खाच काळीभोर होते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यातच. तार बोटांना कधीही गुंडाळू नका, ती अडकली तर बोट जातं. वाडग्याचा तळ किंवा झाकणाचा सपाट माथा अशा जागी तार पोचत नाही, तिथे सनमायकाच्या तुकड्याची कड खाचेत दाबा. तेच काम होतं. धुरासाठी खिडकी उघडी ठेवा. रेघा एक किंवा तीन घ्या आणि आकार वळतो तिथेच घ्या. पोटाच्या मध्यावर ओढलेली रेघ चांगल्या आकाराचे दोन तुकडे करते.

दुसरी, थरथरीची नक्षी. पातळ, लवचीक पोलादी पातं लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे खोडाची वर्तुळं दिसतात त्या बाजूला, हलकेच टेकवलं की ते थरथरतं आणि चक्राकार नक्षी आपोआप उमटते. बाभूळ, शिसव, चिंचेचा गाभा अशा घट्ट लाकडावरच ती स्वच्छ येते. पात्याची बाहेर काढलेली लांबी आणि लेथचा वेग बदलला की नक्षी बदलते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करा. नक्षीवर मार्करने रंग देऊन वरून अगदी पातळ काप घेतला की रंग फक्त खळग्यांत उरतो. भोवऱ्याच्या माथ्यावर हे इतकं खुलतं की मुलं भोवरा फिरवायच्या आधी न्याहाळत बसतात.

माझा सगळ्यात आवडता प्रकार मात्र काळं करणं हा आहे आणि त्यासाठी बाजारातला काळा रंग लागतच नाही. ओल्या बाभळीवर लोखंडी हत्यार थोडा वेळ पडून राहिलं तर निळा-काळा डाग पडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. लाकडातलं टॅनिन आणि लोह यांचा तो संयोग. तोच मुद्दाम घडवायचा. बारीक स्टील वूल साबणाने धुऊन त्यावरचं तेल काढा, काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. झाकणाला भोक ठेवा, आत हायड्रोजन तयार होतो. जवळ ज्योत नको. आठवडाभराने गाळून घ्या. दुसरीकडे हिरड्याची पूड गरम पाण्यात भिजवून गाळा. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, कापड काळं रंगवताना रंगारी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत.

वस्तू आधी साध्या पाण्याने ओली करून वाळवा आणि उठलेल्या नसा ३२० ने घासून टाका. मग हिरड्याचं पाणी लावा. वाळलं की लोखंडाचं पाणी लावा. समोर बघता बघता लाकूड राखाडी, मग जांभळट, मग काळं होतं. वाळल्यावर पुन्हा एक हात हिरड्याचा दिला की काळा गडद होतो. हा रंग नसा झाकत नाही, त्या काळ्यातही दिसतात आणि म्हणूनच तो रंगाच्या डब्यातल्या काळ्यापेक्षा कितीतरी सुंदर दिसतो. वरून जवसाचं तेल द्या. वाडग्याची बाहेरची बाजू अशी काळी आणि आतून कोरा हेदू, एवढंच केलं तरी पुरे, त्यावर आणखी काही करू नये. हे पाणी डोळ्यांपासून जपा आणि हातमोजे घाला, पण ते लेथ बंद असतानाच. फिरत्या लेथवर हातमोजे कधीही नाहीत.

जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटतं. मोकळं पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

तुकडे जोडून वाडगे करणं हे लेथपेक्षा करवतीचं काम आहे. बारा तुकड्यांच्या कड्याला प्रत्येक टोक १५ अंशांत कापावं लागतं. कोनात अर्धा अंश जरी चूक असली तरी चोवीस कापांत ती १२ अंश होते आणि शेवटचा सांधा उघडाच राहतो. चांगली टेबल सॉ असेल तर करा, नसेल तर थांबा. शिवाय कड्याखाली अखंड रुंद पाट चिकटवलात तर आपल्या पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि सांधा सोडतो. इपॉक्सीबद्दल मला फारसं प्रेम नाही. किडलेली भेग भरायला ठीक आहे. डाय मात्र जरूर करून बघा, विशेषतः लहरदार नसांच्या आंब्यावर. आधी गडद रंग, मग घासून, मग फिका. लहरी वर येतात.

विजेने जाळलेल्या झाडासारख्या नक्षीबद्दल तुम्ही उत्सुकतेने विचारलंय. ती करू नका. मायक्रोवेव्हमधून काढलेला ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट देतो आणि माणूस मारायला पुरेसा प्रवाह त्यात असतो. अशा जोडणीत घरातला ब्रेकर किंवा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) तुम्हाला वाचवेल असं धरून चालू नका, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या मंडलातला धक्का त्याला कळत नाही. या नक्षीपायी अनेकांचे जीव गेले आहेत, त्यांत अनुभवी माणसंही होती. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संस्थेने आपल्या कार्यक्रमांतून आणि प्रकाशनांतून हा प्रकार पूर्ण बंद केला आहे. तशीच नक्षी हवी असेल तर पायरोग्राफीच्या, म्हणजे तापलेल्या टोकाने लाकूड जाळणाऱ्या, पेनाने हाताने काढा. वेळ लागेल, पण तुम्ही जिवंत असाल.

बाकी सुरक्षेचं: चेहरा पूर्ण झाकणारी ढाल, मळलेला का होईना पण धुळीचा खरा मास्क, बाह्या वर, गळ्यात काही नाही. वेगासाठी ढोबळ नियम असा की इंचांतला व्यास गुणिले आरपीएम हा आकडा सहा ते नऊ हजारांत राहावा. सहा इंची वाडगा हजार ते पंधराशेवर. ओबडधोबड ओंडका मात्र त्याहून बराच हळू.

लहान मुलाच्या खेळण्यांना नैसर्गिक किंवा खात्रीच्या रंगद्रव्याची लाख उत्तम. शिशाचा अंश असलेले पिवळे आणि लाल रंग अजूनही सुट्या पुड्यांत मिळतात, म्हणून नाव-गाव नसलेली पूड घेऊ नका. चोखायच्या वयातल्या मुलाला रंगाशिवायचा, नुसता घोटून गुळगुळीत केलेला खुळखुळा द्या. तो कडुनिंबाचा किंवा शिवणीचा असू द्या आणि दाणे बाहेर पडणार नाहीत असा एकाच लाकडात कोरलेल्या सुट्या कड्यांचा करा, गोंदाने जोडलेला नको. लाखेच्या वस्तूत गरम चहा किंवा भाजी वाढू नका, लाख मऊ पडते. सॅनिटायझरनेही पुसू नका, स्पिरिटात ती विरघळते. जेवणाच्या वाडग्याला कच्चं जवसाचं तेल पातळ थरांत लावा आणि पूर्ण वाळायला तीन-चार आठवडे द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे 'बॉइल्ड' जवसाचं तेल, लवकर वाळतं, पण त्यात वाळवणारे धातुक्षार घातलेले असतात, ते फक्त शोभेच्या वस्तूंना ठेवा. लाटण्याला आणि पोळपाटाला काहीच लावू नका; रोजच्या कणकेने आणि तुपाच्या हाताने ती आपली आपण मुरतात.